एक बाई काढून बघ

हरकतताईंच्या तोंडून मी माझ्याबद्दल ऐकलेलं पहिलं वाक्य "माझी हरकत आहे" हे होतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पासाठी मी त्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच गेले होते. सरांनी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली, "ही आपली नवीन विद्यार्थिनी. फार हुशार आहे." कोपऱ्यात सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेल्या एका बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "सर, माझी हरकत आहे. ती नवीन आहे एवढंच आपल्याला माहीत आहे. हुशार आहे की नाही, ते अजून कुणी तपासलेलं नाही."

सगळे हसले. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार, आई घरीच शिवणकाम करते. कुणीतरी एक दिवस उठून "हिला इथे कुणी घेतलं?" असं विचारील, ही भीती मी शाळेपासून दप्तरात घेऊन फिरत होते. ते पहिल्याच दिवशी विचारून झालं. आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच बाईंनी आपल्या डब्यातली अर्धी तांदळाची भाकरी माझ्या डब्यात टाकली. वर म्हणाल्या, "खा. तुझ्या हुशारीला हरकत घेतली, तुझ्या पोटाला नाय."

त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याला त्यांची नक्की हरकत असेल. प्रयोगशाळेत सगळे त्यांना हरकतताईच म्हणत, समोर आणि मागेही. अशी एक व्यक्ती तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये किंवा ऑफिसात असेलच. सगळे "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत खुर्च्या मागे सरकवू लागले की नेमका तिचाच हात वर होतो. पण त्या लोकांना बहुतेक वेळा मीटिंग लांबवायची असते. ताईंना खरोखरच प्रश्न पडलेला असायचा. कँटीनच्या उपम्यातल्या गुठळ्यांना त्यांची हरकत होती. लिफ्टमधल्या "कृपया सहकार्य करा" या पाटीला हरकत होती, "कशाला सहकार्य, ते लिहिलेलंच नाय." सख्ख्या भावाच्या लग्नपत्रिकेवर "आपली उपस्थिती हाच आहेर" असं छापून आलं तेव्हा तर त्या ते कार्ड घेऊन टेबलाटेबलावर फिरल्या. "हे साफ खोटं आहे. आमच्या आईला विचारा."

माणसांना त्या राहत्या ठिकाणाच्या नावाने हाक मारत. मी कामोठ्याची, म्हणून "ए कामोठे". पीएच.डी. करणारा एक उंच, इस्त्रीच्या शर्टातला मुलगा सीवूड्सला राहायचा, तो "सीवूड्स". त्याने एकदा धीर करून विचारलं, "ताई, मग तुम्हाला आम्ही काय म्हणायचं?" ताईंचं गाव आता नव्या शहराच्या दोन सेक्टरांच्या मधे चिमटीत सापडल्यासारखं उरलं आहे. जिथे त्यांच्या आजोबांची भातखाचरं होती तिथे पेट्रोल पंप आहे आणि मिठागरावर शाळा. त्या म्हणाल्या, "मला पत्ता नाय. माझ्या पत्त्यावर तुम्ही राहता." सीवूड्स बिचारा दिवसभर अपराधी चेहरा करून हिंडत होता.

आता आमचं काम काय होतं, ते सांगते. मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. म्हातारपणी ज्या आजारांत माणसाची आठवण जाते किंवा हातपाय ऐकेनासे होतात, त्यातल्या पुष्कळ आजारांत मेंदूच्या पेशींमधली काही प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. या गुठळ्या व्हायला पेशीतली कुठली जनुकं मदत करतात आणि कुठली अडवतात, हे आम्ही शोधत होतो. बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये ते प्रथिन हिरवं चमकेल अशी सोय केलेली होती. गुठळी झाली की ठळक हिरवा ठिपका दिसायचा. मग क्रिस्पर नावाच्या जनुकं कापायच्या कात्रीने प्रत्येक पेशीतलं एकेक जनुक मोडायचं, या पेशीत हे, त्या पेशीत ते, अशी हजारो. शेवटी सगळ्या पेशी एका यंत्रातून सोडायच्या. ते गुठळीवाल्या एका नळीत आणि स्वच्छ दुसऱ्या नळीत घालतं.

हे सगळं मी इंग्रजीतून अनेकदा वाचलं होतं आणि मान डोलावण्यापुरतं मला समजलंही होतं. ताईंनी माझं मान डोलावणं पाहिलं आणि हातमोजे काढले.

"कामोठे, तुमच्याकडे लग्नात भांडणं होतात?"

"होतात."

"कुणामुळे?"

"बहुतेक मोठ्या काकांमुळे."

"बहुतेक चालणार नाय. आता आमच्या गावात हळदीला तंटा ठरलेला. सगळं गाव सांगतं की पुष्पाआत्यामुळे होतो. पुष्पाआत्या म्हणजे माझ्या बापाची बहीण, गावातच दिलेली. पण सांगणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं. समज, एकाच दिवशी खूप घरांत हळद आहे. प्रत्येक हळदीतून एक बाई काढून बघ. एका हळदीतून एकच हां. दोन काढल्यास तर कुणामुळे काय झालं, कळणार कसं? मग तंटा झाला त्या हळदी या बाजूला, नाही झाला त्या त्या बाजूला. आणि बिनतंट्याच्या हळदींत कोण गैरहजर होतं, ते वाच."

मला पहिल्यांदा खरोखर समजलं. इतकं, की मी न घाबरता पुढचं विचारलं. "म्हणजे ती बाई सापडली की काम संपलं?"

"संपलं कसं? मग तिला परत आण. परत आणल्यावर तंटा परत आला, तरच तंटा तिचा. नायतर उगाच एका बाईचं नाव खराब केलंस."

ही पुष्पाआत्या पुढे आमच्या प्रयोगशाळेत रुळून गेली. तिला कुणीच पाहिलेलं नव्हतं, पण सरसुद्धा मीटिंगमध्ये "या पेशीतली पुष्पाआत्या कोण?" असं विचारू लागले. ताई घरीही आईला आपलं काम याच दाखल्याने समजावत असत, कारण आई रोज विचारायची, "दिवसभर करतंस तरी काय गो?" याचे परिणाम पुढे काय होणार होते, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

माझी एक खोड होती. अजूनही थोडी आहे. मी कुठलंही वाक्य सरळ संपवत नसे. "बहुतेक", "मला वाटतं", "चुकत असेन तर सांगा" असं काही ना काही मागे जोडत असे. ताईंनी त्यावर औषध काढलं. दर बुधवारच्या मीटिंगमध्ये मी निदान एक हरकत घ्यायची. कशालाही चालेल.

"पण ताई, मला त्यातलं काही कळत नाही."

"हरकत घ्यायला डिग्री लागत नाय. दिसतं ते बोल."

पहिल्या बुधवारी मी तासभर घाम पुसत बसले होते. शेवटी सर म्हणाले, "आणखी कुणाला काही?" ताईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, माझी हरकत आहे. बिस्किटं... जरा मऊ पडली आहेत."

सीवूड्सने तोंडावर फाइल धरली. सरांनी एक बिस्कीट उचलून वाकवलं. ते न मोडता वाकलं. "खरं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. बाहेर आल्यावर ताईंनी माझी पाठ थोपटली. "पहिली हरकत आणि पुराव्यासकट. हुशार आहेस की नाय, ते अजून ठरायचंय. पण खोटारडी नायस."

हे सगळं हसतखेळत चाललं होतं, पण एक गोष्ट आम्हाला सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. ताईंची नेमणूक त्या प्रकल्पापुरतीच होती. वर्षअखेरीला बाहेरची समिती आढावा घ्यायला येणार होती. काही ठोस हाती लागलं तर प्रकल्पाला मुदतवाढ, आणि ताईंनाही. नाही लागलं तर ताईंनी टेबल रिकामं करायचं. तोवर नोकरीमागून नोकरी अशी त्यांची बरीच वर्षं कंत्राटावर गेली होती. त्यांना या कामातच राहायचं होतं. त्या असं कधी म्हणाल्या नाहीत, पण इन्क्युबेटरचं दार लावताना आतल्या पेशींना "येते गो" म्हणत असत, ते मी ऐकलं आहे.

आणि हाती लागलं! यंत्रातून पेशी वेगळ्या झाल्या, कुठल्या नळीतल्या पेशींत कुठलं जनुक मोडलेलं आहे त्याचं वाचन झालं, आणि यादीच्या अगदी वर एक जनुक आलं. ते मोडलेल्या पेशींमध्ये हिरवे ठिपके जवळजवळ नव्हतेच. जनुकांची नावं गाड्यांच्या नंबरप्लेटसारखी असतात, म्हणून सरांनी त्याला "हिरो" म्हणायला सुरुवात केली. सर मनाने फार चांगले आणि पायाने फार घाईचे. त्याच दुपारी त्यांनी केक मागवला. त्यावर आइसिंगने हिरवे ठिपके काढून घेतले होते आणि सुरी ताईंच्या हातात दिली.

ताईंनी केक कापला. "माझी हरकत आहे" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मला ते विचित्र वाटलं, पण मग वाटलं, माणसाला कधीतरी नुसता आनंदही होत असेल. केकचा तुकडा हातात धरून त्या आकडे पुन्हा पाहत होत्या. "जरा जास्तच स्वच्छ आहे," एवढंच पुटपुटल्या. सीवूड्स म्हणाला, "ताई, निदान आज तरी नको." त्या म्हणाल्या, "नाय रे. आज नाय." पुढच्या तपासण्या करायच्या ठरलेल्याच होत्या, पण सरांनी त्या आढाव्यानंतर ठेवल्या.

त्याच आठवड्यात ताईंच्या भावाची हळद होती. मला आणि सीवूड्सला खास आमंत्रण होतं. मी आईने शिवलेला नवा ड्रेस घालून गेले. सीवूड्स कुर्ता घालून आला. आगरी हळद म्हणजे काय, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की वाटेतच ती माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. अंगणभर मांडव, मटणाचे टोप, बँजोवाले, धवले म्हणणाऱ्या बायका. धवले म्हणजे लग्नातली त्यांची गाणी. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, अर्थातच, तंटा.

आम्ही पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे दिवे लागले होते. मांडव होता. टोप होते. बँजोवाले होते, पण ते स्वतःच्याच मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नवरदेव पाटावर बसून जांभया देत होता. कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं. एखाद्या कार्यालयात साहेब यायची वाट बघतात तशी ती हळद चालली होती.

ताईंची आई मात्र खुशीत होती. तिने आम्हाला बसवलं आणि ताईंना कोपराने ढोसलं. "बघ गो बाय, कशी शांती हाय! एक शब्द नाय कोनाचा."

"आई, पुष्पाआत्या कुठाय?"

"तिला आवतानच नाय धाडलं."

ताईंचा चेहरा मला अजून आठवतो. "काय?"

"तूच सांगतंस ना रोज, एक बाई काढून बघ? मी काढली," आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "तुझा प्रयोग पास झाला."

सीवूड्सने माझ्याकडे पाहिलं आणि मी चपलांकडे. ताईंनी मांडवावरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सूक्ष्मदर्शकाखाली बशी फिरवावी तशी. "खालची आळी कुठाय? आत्याच्या जावा कुठायत? धवले म्हणणाऱ्या बाया?"

"येतील ना."

"आई, नाय येणार! आत्याला आवतान नाय, तर तिची अख्खी आळी घरी बसली. ही शांती नाय. माणसंच नायत!" मग रिकाम्या खुर्च्यांकडे बघत त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कामोठे, हिरो काढल्यावर गुठळ्या नाहीशा झाल्या. पण ते प्रथिन तरी पेशीत होतं का? माणसं मोजली का आपण?"

मला उत्तर माहीत होतं. मोजली नव्हती. आम्ही फक्त तंटा मोजला होता.

"ते सोमवारी," त्या म्हणाल्या. "आधी आत्या आणू. चल, बस मागे."

त्यांच्या स्कूटरवरून आम्ही खालच्या आळीत गेलो. पुष्पाआत्यांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दार उघडं होतं. आत्या भरजरी लुगडं नेसून, अंबाड्यावर भला मोठा गजरा माळून, अंगभर दागिने घालून टीव्हीसमोर बसल्या होत्या. टीव्ही बंद होता.

"आत्या, चल."

"मी नाय येनार. मना कोन इचारतंय? तुझे आयशीला सांग, पुष्पी मेली." हे सांगताना त्यांचा एक पाय चप्पल शोधत होता.

"आत्या, चूक झाली. माझीच झाली. सगळे थांबलेत."

"थांबू दे. मी नाय म्हंजे नाय." दुसरी चप्पलही सापडली. "ही कोन पोरगी?"

"ही कामोठे."

"सुकलीय बिचारी. जेवली का गो?" आणि दाराला कडी लावून त्या आमच्या पुढे निघाल्या. आळीतल्या एकेका दारातून बायका बाहेर पडून मागे येऊ लागल्या. सगळ्याच तयार होत्या. सगळ्यांच्याच डोक्यात गजरे होते.

मांडवात पाऊल ठेवल्या ठेवल्या आत्यांनी हळदीच्या वाटीत बोट घातलं. "हलद अशी कालवतान काय? पानी किती ओतलंय! आनि ह्या गुठल्या कोनी ठेवल्या?"

मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी कपाळाला हात लावला. "बघू नकोस अशी," त्या म्हणाल्या, "घराण्यातच आहे."

पुढे पहिली हळद कुणी लावायची, यावरून जे काही झालं ते मी लिहीत नाही. ताईंची आई रडली, आत्या रडल्या, मग दोघी गळ्यात गळा घालून रडल्या आणि लगेच मटणात मीठ जास्त आहे की कमी, यावरून पुन्हा सुरू झाल्या. धवले सुरू झाले. बँजोवाल्यांनी मोबाइल खिशात टाकले. नवरदेव जागा झाला. सीवूड्सला कुणीतरी ओढून नाचायला नेलं आणि तो पंख्यासारखे हात फिरवत नाचला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी पायरीवर बसून जेवले. ताई माझ्या शेजारी ताट घेऊन टेकल्या. "परत आणली, तंटा परत आला. सिद्ध," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. घास हातातच होता.

सोमवारी आम्ही मोजलं. हिरो मोडलेल्या पेशी घेतल्या, साध्या पेशी घेतल्या आणि दोन्हींत ते प्रथिन एकूण किती आहे ते पाहिलं. या तपासणीत फिल्मवर काळी पट्टी उमटते, जितकं प्रथिन जास्त तितकी ती ठळक. साध्या पेशींची पट्टी ठळक काळी आली. हिरो मोडलेल्यांची पट्टी आधी सापडतच नाही म्हणून मी फिल्म प्रकाशाकडे धरली, तेव्हा कुठे पुसट रेघ दिसली. ते जनुक मोडल्यावर पेशी ते प्रथिनच बनवेनाशी झाली होती. प्रथिन नाही, मग गुठळ्या कुठून होणार? आम्ही पुन्हा केलं. तेच आलं. आढावा तोंडावर आला होता.

ताई ती फिल्म घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. मी चहा द्यायच्या निमित्ताने आत गेले ती तिथेच राहिले. सरांनी ती फिल्म खिडकीसमोर धरून पाहिली.

"हे आढाव्यानंतर सांगितलं तर?" ते म्हणाले. मग घाईने, "मी माझ्यासाठी म्हणत नाही. माझी नोकरी पक्की आहे. मुदतवाढ तुमची आहे."

"म्हणून तर सर. माझ्या फायद्याचं आहे म्हणजे हरकत मलाच घ्यायला पाहिजे. दुसरा कोण घेणार?"

"मग काय दाखवायचं?"

"यादीत खाली एक जनुक आहे. बारकं आहे, परिणाम थोडा आहे. पण तिथे माणसं सगळी आलेली आहेत आणि तरी तंटा कमी आहे. ते मी मोजलंय. त्याला परत आणून बघायला मात्र वेळ लागेल."

"वेळच नाही ना," सर म्हणाले. ताईंनी चहात साखर घातली, ढवळली आणि पुन्हा साखर घातली. एरवी कँटीनचा चहा जरा गोड झाला तरी हरकत घेणाऱ्या त्या बाई, तो पाक त्यांनी सगळा पिऊन टाकला.

आढाव्याला समितीतले तीन वडीलधारे गृहस्थ आले. ताईंनी हिरोची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, केकसकट. एका गृहस्थांनी चष्मा वर ढकलून विचारलं, "म्हणजे इतक्या खटपटीनंतर तुमच्या हाती नेमकं काय लागलं?"

"एक चूक लागली, सर," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या हाती लागायच्या आत."

तिघांनी माना डोलावल्या, प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आमच्याकडचे समोसे खाल्ले आणि मुदतवाढ दिली नाही. सरांनी पुष्कळ पत्रव्यवहार केला. मला पुढच्या एका छोट्या कामावर साहाय्यक म्हणून ठेवता आलं, ताईंना नाही. त्यांच्या अनुभवाच्या माणसाला द्यायला तिथे जागाच नव्हती. हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले. त्या म्हणाल्या, "माझी हरकत आहे. रडायचं मी आणि रडतेस तू."

निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणली. तिचा वास एसीतून पार तिसऱ्या मजल्यावर गेला आणि तिसऱ्या मजल्यावरची माणसं डब्याची झाकणं घेऊन खाली आली. सर भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "ताईंनी इतक्या वर्षांत कधी कशाची तक्रार केली नाही..."

"माझी हरकत आहे!" ताई ओरडल्या. सगळे इतके हसले की सरांचं भाषण तिथेच संपलं. संपलं ते बरंच झालं, कारण सरांचा आवाज चिरकला होता. जाताना ताईंनी इन्क्युबेटरचं दार उघडून बंद केलं. काय म्हणाल्या ते मी ऐकलं, पण लिहीत नाही.

त्या आता महाप्याला एका कंपनीत आहेत. रुग्णांचे तपासणी अहवाल पाठवायच्या आधी पुन्हा तपासणं हे त्यांचं काम. फोनवर सांगत होत्या, "हरकती घ्यायचा पगार मिळतो, आणखी काय पाहिजे?" मी म्हटलं, "छान." त्या म्हणाल्या, "छान आहे की नाय, ते अजून तपासतेय." त्यांनी दाखवलेलं ते यादीतलं बारकं जनुक मी अजून परत आणून बघते आहे. पेशी वाढतात, मरतात, पुन्हा वाढवाव्या लागतात. अजून काही ठरलेलं नाही. निदान एका बाईचं नाव उगाच खराब करायचं नाही, एवढं मी सांभाळते.

ताई गेल्यावर आमच्या बुधवारच्या मीटिंगा फार सुरळीत होऊ लागल्या. वेळेत सुरू, वेळेत बंद. कुणी कुणाला अडवत नव्हतं. आलेख पडद्यावर यायचे आणि पुढे सरकायचे. पाहुणे आले की म्हणायचे, "किती छान वातावरण आहे तुमच्याकडे." सर "हो" म्हणायचे आणि ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे.

गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी सीवूड्सने नवा आलेख दाखवला. नवीन यादी, वर एक नवीन जनुक, ठिपके जवळजवळ नाहीत. टाळ्या झाल्या. सरांनी खिशातून मोबाइल काढला. केकवाल्याचा नंबर शोधत असावेत. "कुणाला काही?" त्यांनी सवयीने विचारलं.

टेबलाखालून कुणीही माझा पाय दाबला नाही. मी उभी राहिले. "सर, मला वाटतं, बहुतेक..." आणि मग मी ते दोन्ही शब्द गिळले. "सर, माझी हरकत आहे. माणसं मोजली का?"

सीवूड्सने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने मोजली नव्हती. तो हळूच खुर्चीत बसला आणि शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आली पुष्पाआत्या."

सरांनी मोबाइल परत खिशात ठेवला. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. बिस्किटं मऊ पडली होती. तेही मी सांगितलं.